तारीख उलटल्यावरचा रविवार

मोनिकाची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके तपासले, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि सोमवारी सकाळी आठला भरती व्हायला सांगितलं. राहिला मधला रविवार. पडेगावच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून फोन वाजत होता. मावशी, नणंद, ऑफिसातल्या बाया, सगळ्यांचं एकच: झालं का? सासूबाई भागूबाई तर दर अर्ध्या तासाला दारात येऊन तिच्या तोंडाकडे बघून जायच्या.

"मला कुठंतरी घेऊन चल," ती नवऱ्याला म्हणाली. "जिथं कोणी विचारणार नाही."

इंद्रजीतला हबीबचाचांचं शेत सुचलं. हबीबचाचा आणि त्याचे वडील साखर कारखान्यात एकाच पाळीला होते. वडील गेल्यावरही येणंजाणं तुटलं नव्हतं. कन्नडच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर त्यांची मोसंबीची बाग होती. भागूबाईंनी जाऊच दिलं नसतं, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे जाऊन येतो असं सांगितलं. ही थाप मोनिकाचीच.

बागेत खरंच कुणी काही विचारलं नाही. मेहरुन्निसाचाचींनी झाडाखाली बाज टाकली, ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. फोनला रेंज नव्हती. जेवण झाल्यावर हबीबचाचांची विहिरीवरची मोटार जळाल्याचं निघालं, तेव्हा इंद्रजीत म्हणाला, "गाडीत टाकू, कन्नडला वाइंडिंग भरून आणू. तासाभरात येतो." दोघं गेले आणि मोनिकाला गाढ झोप लागली. आठवड्यात पहिल्यांदा.

जाग आली तेव्हा तीन वाजत आले होते. अंग हलकं वाटत होतं. मग तिच्या ध्यानात आलं की जेवण झालं की बाळ उजव्या बरगडीखाली ढुसण्या द्यायचं, ते आज झालंच नाही. ती आठवत राहिली. सकाळी गाडीत, दौलताबादच्या पुढच्या चढाला, ते नक्की हललं होतं. त्यानंतर?

ती डाव्या कुशीवर वळली. गार पाणी प्याली, गुळाचा खडा तोंडात धरला. पोटावर हात ठेवून शंभर आकडे मोजले, मग पुन्हा शंभर. पोट नुसतं जड दगडासारखं पडून होतं. उठून सांगावं असं वाटलं, पण जीभ उचलेना. खोटं बोलून, खड्ड्यांच्या रस्त्यानं इथवर आणलं होतं तिनंच.

"कळा यायल्या का गं?" चाचींनी विचारलं. त्या समोर बसून लसूण सोलत होत्या.

"नाही. नुसती पडलेय."

चाचींची नजर तिच्या पोटावरच्या हातावर गेली. "हलतंय ना?"

मोनिकानं नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून नाय?"

"सकाळपासून."

चाचींनी सूप बाजूला सारलं. "माझ्या दुसऱ्या खेपेला मी दिवसभर कुणाला बोलले नाय. म्हणलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी लई उशीर झालता. ऊठ."

पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज मिळायची. पन्नाशी उलटलेल्या चाची लोखंडी शिडीवरून सरसर वर गेल्या. इंद्रजीतचा फोन घरातच चार्जिंगला राहिला होता. हबीबचाचा उचलेनात. दोनदा लावून त्या खाली आल्या, मोनिकाचा हात खांद्यावर घेतला आणि दोघी सडकेकडे निघाल्या. बांधाबांधानं जेमतेम अर्धा किलोमीटर, पण मोनिकाला ते संपेना. चार पावलं टाकली की ती थांबायची, पोट चाचपायची.

"थांबू नको," चाची म्हणायच्या. "तिथं गेल्यावर बघू."

कन्नडकडे जाणारी जीप आली, ती गच्च भरलेली. चाची रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मोनिकाकडे बघून लोक न सांगताच खाली उतरले. ड्रायव्हर साहेबराव ओळखीचा निघाला. वाटेत त्यानं कशासाठीही गाडी थांबवली नाही. बाळंतपणाच्या दवाखान्यापाशी दोघींना उतरवलं, तेव्हा चाचींनी त्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानावर पिटाळलं. "दोघंबी तिथं असतील. म्हणावं, आहे तसे या."

दवाखान्यातल्या डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोटावर गार जेली लावली आणि यंत्र फिरवायला सुरुवात केली. खरखर आली. एक संथ ठोका लागला. मोनिकानं श्वास रोखला.

"हा तुमचा आहे," डॉक्टर म्हणाल्या.

यंत्र खाली सरकलं, वर गेलं, पुन्हा खाली. चाचींनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. मग दुसरा ठोका लागला. तो ऐकून मोनिका रडणारच होती, पण डॉक्टरांचं कपाळ सैल झालं नव्हतं.

"बाळ आहे. पण ठोके कमी पडतायत. शहरात न्यायला वेळ नाही. आत्ताच सिझर करावं लागेल."

भुलीचे डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. मोनिकानं कागदावर सही केली, ती वेडीवाकडी झाली. खाली नातेवाइकाची सही हवी होती. "तुम्ही कोण हिच्या?" नर्सनं विचारलं. चाचींनी पेन घेतलं आणि उर्दूत सही केली.

कमरेत सुई गेली, पाय बधिर झाले. हिरव्या पडद्यापलीकडे कात्री-चिमट्यांचे आवाज येत होते. "पाणी हिरवं आहे, बाळानं आतच शी केलीय," कुणीतरी म्हणालं. पोटातून काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि नंतर काहीच नाही. मोनिकाला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. सेकंदाचा काटा निम्मा फिरला, पूर्ण फिरला. कोपऱ्यात तिघं खाली वाकून काहीतरी करत होते. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

मग एक बारीक, चिडका, चिरका आवाज आला. थांबला. पुन्हा आला आणि थांबेचना.

"मुलगी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गळ्याला नाळेचे दोन वेढे होते."

इंद्रजीत पोचला तेव्हा मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्याच्या हातांना मोटारीचं काळं तेल होतं, नर्सनं त्याला दारातच अडवलं. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. हबीबचाचा नुसते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दिवेलागणीला मोनिकानं स्वतःच सासूबाईंना फोन लावला. कुठं आलो होतो, काय झालं, सगळं सांगितलं. "सोमवारपर्यंत घरी बसली असतीस तर?" भागूबाई म्हणाल्या.

मोनिकानं हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, वेढे घरीही असतेच, रस्त्यानं काही झालं नाही. वेळेवर आणलं म्हणून निभावलं. तिनं तसंच सांगितलं.

"कोणी आणलं?"

"चाचींनी."

"फोन दे तिला," भागूबाई म्हणाल्या.

चाची खिडकीशी उभं राहून दहा मिनिटं बोलत होत्या. काय बोलणं झालं ते मोनिकाला ऐकू आलं नाही; फक्त मध्येच एकदा चाचींनी पदरानं डोळे पुसलेले दिसले.