माझ्या पायाशी ठेवलेले भोक

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा खांब आहे. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात मेन स्ट्रीटवर एका चार मजली इमारतीच्या दर्शनी बाजूचा भार आम्ही पाच भाऊ वाहतो. ओहायो नदीकाठच्या ओतशाळेत, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. मी आतून पोकळ. सांध्यांतून झिरपलेले पाणी बाहेर पडावे म्हणून कारागिरांनी माझ्या पायाशी करंगळीएवढे भोक ठेवले होते.

आधी इथे व्हिस्कीची पिंपे यायची, मग खोगिरे आली, शेवटी वेंडल स्ट्रोमायर यांचे खिळेमोळ्यांचे दुकान. त्यांच्याइतके माझे लाड कुणी केले नाहीत. दर वसंतात, डर्बीच्या घोडशर्यतीआधी, ते मला स्वतः हिरवा रंग देत. एका वर्षी त्यांना ते भोक दिसले. गंजाने पडले असेल असे समजून त्यांनी ते सिमेंटने घट्ट बुजवले. मी सांगणार कसा? बिडाला तोंड कुठले!

पाणी आत साठत गेले. एका जानेवारीत त्याचा बर्फ होऊन तो फुगला आणि मला गुडघ्यापासून कमरेपर्यंत तडा गेला. पुढे वेंडल थकले, दुकान बंद झाले. बारा वर्षे कबुतरांखेरीज कुणी फिरकले नाही.

मग इमारत दुरुस्त करायचे ठरले. खाली बेकरी, वर राहायची घरे. ठेकेदाराने मला भंगारात काढले. लोखंडकाम करणाऱ्या ओडेसा टिन्सलीने मला तपासायला एक दिवसाची मुदत मागितली. बातमी कळताच वेंडल काठी टेकत आले.

"चाळीस वर्षं रंगवलाय मी याला, बाई. तडा गेलाच कसा?"

ओडेसाने माझ्या पायाशी छिन्नी मारली. सिमेंटचा गोळा निघाला आणि काळे पाणी भळाभळा वेंडलच्या बुटांवर आले.

"मिस्टर वेंडल, हे कोणा शहाण्यानं बुजवलं?"

वेंडल बुटांकडेच बघत राहिले. "मीच. मला वाटलं, दुखणं आहे."

"अहो, घरची मोरीपण बुजवता की काय?"

"मग आता माझ्यामुळे हा भंगारात जाणार?"

मला त्यांचा राग कधीच आला नव्हता.

"वेल्डिंग केलं तर नक्की जाईल, तापवलं की बीड आणखी तडकतं," ओडेसा म्हणाली. "मी टाके घालते. तुम्ही फक्त आशा ठेवा."

मुदत वाढवून घेऊन तिने चार दिवस तड्यावर धातूचे बारीक टाके ठोकले. ठेकेदाराने भार देऊन पाहिला. मी हललो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण दुरुस्तीला हात घालण्याआधी विचारा, हे असे का ठेवले असेल? या वसंतात वेंडल पुन्हा हिरवा डबा घेऊन आले. गुडघे धरत खाली वाकले, भोकात करंगळी घालून पाहिली आणि मगच त्यांनी डबा उघडला.