दाब, धर, सोड

"दाब."

गाडीखालून आवाज आला. वर सीटवर बसलेल्या कुंताबाईने डावा पाय पुढे सरकवला, ब्रेकच्या पॅडलवर टेकवला आणि सावकाश भार दिला.

"दाबला."

"धर."

"धरला."

मागच्या चाकाशी उताणा पडलेल्या कवडूने पान्याने ब्रेकमधली हवा सोडायचा निप्पल अर्धा आटा सैल केला. बाटलीत सोडलेल्या नळीतून ब्रेक ऑइल धावत आले. त्याच्यामागून दोन मोठे बुडबुडे आले, मग एक बारीक, मोहरीएवढा. त्याने निप्पल आवळला.

"सोड."

"सोडला जी."

पौषातले ऊन कारध्याच्या त्या अंगणात पाय पसरून बसले होते. नदीवरून वारा येत होता, पण त्याला धार नव्हती. अंगणाच्या मधोमध बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोन सीटांची, कापडी टपाची विलायती गाडी उभी होती. ती इतकी बुटकी होती की कुंताबाईला तिच्यात बसवताना कवडूला अर्धे वाकावे लागले होते.

"हे गाडी हाये का आंघोळीचा पाट?" बसता बसता ती म्हणाली होती. "तुमच्या डॉक्टरसायबाले उभी गाडी नाही भेटली का?"

"स्पोर्ट गाडी हाये ते. जमिनीले चिपकूनच धावते."

"मंग घोरपडच घ्याची होती."

ब्रेकमधली हवा काढणे हे दोन माणसांचे काम. एकाने वर बसून पॅडल दाबायचे, दुसऱ्याने खाली पडून निप्पल उघडायचा. निप्पल उघडा असताना वरच्याने पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेले सगळे पाण्यात. म्हणून खालच्याने सांगितल्याशिवाय पाय सोडायचा नाही. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. मधे असतात फक्त ते तीन शब्द.

एकतीस वर्षे कवडू हे तीन शब्द गाडीखालून म्हणत होता आणि कुंताबाई वरून त्यांना उत्तर देत होती. नाकाडोंगरीकडच्या खाणीतली मोटारखात्यातली नोकरी सोडून त्याने कारध्यात स्वतःचे काम सुरू केले तेव्हा हाताखाली कोणी नव्हते. समोर एक जीप उभी होती आणि बायको धानाच्या रोवण्यावरून नुकतीच परतली होती, घोट्यापर्यंत चिखल घेऊन. "पाय धू अन् इकडे बस जरा," तो म्हणाला. ती बसली. पहिल्यांदा पॅडल दाबले आणि म्हणाली, "भुसभुशीत लागते जी. धानाच्या बांधीत चिखल निवला नसला का असाच पाय जाते."

कवडू गाडीखालून बाहेर येऊन तिच्याकडे पाहतच राहिला होता. हवा राहिलेल्या ब्रेकचे याहून नेमके वर्णन त्याला खाणीतल्या उस्तादानेही करून सांगितले नव्हते.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणारी बाई उलटी चालते. धान पुढे उभे राहते आणि ती मागे मागे सरकते. मागे डोळे नसतात, म्हणून पायांनीच बघायचे. कुठे चिखल खोल, कुठे दगड, कुठे बांध आला, हे सगळे टाचेला आधी कळते. कुंताबाईचे पाय असे शिकलेले होते. म्हणून तिने पॅडलवर कधी चप्पल घालून पाय ठेवला नाही. आणि त्याच्या "सोड"आधी एकतीस वर्षांत एकदाही उचलला नाही.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवता पेटवता ती बाजूला कलली. लकवा. जीव वाचला, वाचाही आठवड्याभरात परतली, पण उजवा हात आणि उजवा पाय परके झाले. पाच महिने ती ओसरीवरच्या खाटेवर बसून कवडूचे काम पाहत होती. आलेल्या जीपा, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळ्यांचे पॅडल शेजारचा सूरज दाबून देत होता. तिने कधी काही म्हटले नाही. आज सकाळी मात्र म्हणाली, "हे गाडी मले दाबू द्या. डावा त जिता हाये माहा."

कवडूला नाही म्हणवले नाही.

ही गाडी त्याची जुनी ओळखीची. खाणीतल्या डॉक्टरांनी ती कोणा परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती, आणि एकोणीस वर्षांचा कवडू तिचे तेलपाणी बघायचा. डॉक्टर निवृत्त झाले, गाडी पडवीत गेली, तिच्यावर बावीस वर्षांची धूळ बसली. आता डॉक्टर नदीपलीकडे भंडाऱ्यात लेकीजवळ राहत होते. उद्या त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. दिवाळीनंतर त्यांची लेक दामिनी गाडी टेम्पोत घालून कवडूच्या अंगणात घेऊन आली. "काकाजी, बाबाले यात एकदा फिरवाचं हाये," एवढेच म्हणाली. सगळे सुटे भाग तिनेच परदेशातून मागवले, प्रत्येकाचे दोन दोन संच. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून.

पेट्रोलचे काम आधीच झाले होते. टाकी उतरवली तेव्हा आतून विटेच्या रंगाचा गाळ निघाला. जुन्या रबरी नळ्या हातात भाकरीच्या पापुद्र्यासारख्या तुटल्या. पंप तर गोठूनच गेला होता. नवी नळी, नवा पंप, कार्बोरेटरच्या नव्या सुया. परवा चावी फिरवली तेव्हा पंप टकटकटक करत धावत सुटला, मग टक... टक... करत दमला आणि गप्प झाला. कवडू घाबरला नाही. कार्बोरेटरची वाटी भरली की हा पंप आपला आपण थांबतो. ओसरीवरून कुंताबाई म्हणाली, "पोट भरलं वाटते तिचं."

उरला होता ब्रेक. चारही चाकांचे सिलिंडर, शू, होज पाइप, मास्टर सिलिंडरमधले रबरी कप, सगळे त्याने नवे बसवले. दामिनी उद्या सकाळी येणार होती. आणि कवडूच्या दारातून निघालेला रस्ता थेट नदीकडे उतरत जातो, वळणावर एक जुने बाभळीचे झाड आणि त्यापलीकडे सरळ उतार.

"दाब."

"दाबला."

चौथ्या चाकाचे शेवटचे बुडबुडे निघाले. नळीतले ऑइल आता एकसंध, मधासारखे येत होते. कवडूने निप्पल आवळला. "सोडू नोको अजून. तसाच धरून ठेव."

त्याने बाटली बाजूला केली.

"खाली चालला जी," कुंताबाई म्हणाली.

"काय?"

"पॅडल. हळूहळू खाली चालला."

कवडू बाहेर आला. तिचा पाय खरेच खाली, पत्र्याला टेकत आला होता. पिंढरी थरथरत होती. त्याने चारही चाके पाहिली, कुठे थेंब नाही. त्याने पुन्हा तिच्या पायाकडे पाहिले.

"पाय दमला तुहा."

"मी नाही सोडला."

"सोडला नाही व. दमला म्हणतो. सवय नाही डाव्याले."

कुंताबाईने त्याच्याकडे पाहिले. "मी त्याले नाही सोडलं जी. त्यानंच माह्या पायाले सोडलं."

कवडू हसला, जसे आजाऱ्यासमोर हसतात तसे. "झालं. बेस झालं. चाल, चहा मांडतो." त्याने तिला काखेत हात घालून उचलले आणि ओसरीवर आणून बसवले. चहा केला, बशीत ओतून तिच्या डाव्या हाताशी ठेवला. मग अंगणाच्या कडेला जाऊन, पाठ फिरवून, हळू आवाजात सूरजला फोन लावला.

ओसरी ते अंगणाची कड, बारा पावले. कुंताबाईचा पाय गेला होता, कान नव्हते.

सूरज आला तो ट्रॅक्टरवरूनच, बुटांसकट सीटवर बसला. "काका, हे त खेळणंच हाये! कुठं पाय घालू?"

"तो मधला. मार."

सूरजने धडाधड चार वेळा पॅडल मारले. "कडक! एकदम दगडावानी काका. काय टेन्शन घेऊन राह्यले तुम्ही?"

कवडूने चारही निप्पल एकदा उघडून पाहिले. हवेचा ठिपकाही नव्हता. त्याच्या छातीवरचे ओझे उतरले, आणि त्या जागी दुसरेच काहीतरी येऊन बसले. म्हणजे दोष पायाचाच होता. कुंताचा पाय आता ब्रेकच्या कामाचा राहिला नव्हता.

"काकी, कशी हाये तब्येत?" निघताना सूरज म्हणाला.

"बेस हाये बाबू. तू धरला किती वेळ?"

"काय?"

"पॅडल. मारला त आयकला मी. धरला किती?"

"धराचं काय काकी? कडक हाये म्हणतो ना." सूरज हसत ट्रॅक्टरवर चढला.

सूरज गेला. कवडू अवजारे पुसून पेटीत ठेवत होता, एकेक पाना गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत होता.

"मले सांगाचं होतं," कुंताबाई म्हणाली. "सूरजले बलावतो म्हणून. मी काही रडली नसती."

"तुले वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट याचं नाही वाटत. तुम्ही 'झालं' म्हणले त्याचं वाटते. एकतीस वर्सात झालं नसलं त झालं नाही म्हणाचे तुम्ही."

कवडूच्या हातातला पाना थांबला.

"त्या पोरानं लात मारली जी. लात मारली का चिखलबी कडक लागते. हळू पाय ठेवा, मंग कोन कुठं रुतते ते समजते." मग ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब बसनार हायेत उद्या त्यात."

"चाळीस वर्सं झाले मले या धंद्यात कुंता!" कवडूचा आवाज चढला. आवाज चढला म्हणजे खात्री उरली नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

ऊन अजून कौलांवर होते. कवडू गाडीपाशी गेला. दार उघडले. मग काय वाटले कोणास ठाऊक, वाकून त्याने दोन्ही चपला काढल्या आणि अनवाणी सीटवर बसला. डावा पाय पॅडलवर ठेवला. मारला नाही. नुसता ठेवला, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावे इतक्या हलकेपणाने भार दिला, आणि धरला.

पॅडल थांबले. वाटले, कडकच आहे. मग तळव्याखालून काहीतरी सरकले. बोटभर. आणखी बोटभर. रात्रभर पाणी खाल्लेल्या बांधीत पाय जावा तसे, आवाज न करता, पॅडल खाली चालले.

त्याने ओसरीकडे पाहिले नाही. पाने घेतले आणि पॅडलचा दाब चाकांकडे पोचवणारा मास्टर सिलिंडर खोलला.

आतला रबरी कप त्याने चिमट्याने बाहेर काढला, उजेडात धरला. त्याच्या गोल ओठाची कड एका ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढी, आत दुमडली होती. बसवताना त्यानेच ती दुमडली होती. उजव्या डोळ्यावर हल्ली साय आल्यासारखे वाटायचे, ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. जोरात मारले की दाबाने तो ओठ सिलिंडरला चिकटून बसायचा आणि चूक झाकली जायची. हळू दाबले की तेल त्या फटीतून गपचूप मागे परतायचे. सूरजचा धडधाकट पाय या गाडीला जन्मभर कडकच म्हणाला असता. उताराच्या वळणावर, जिथे गाडी हळू दाबून धरायची असते, तिथे ती पायाखालून निघून गेली असती.

तो कप तळहातावर घेऊन ओसरीवर आला, खाटेसमोर उकिडवा बसला. कुंताबाईने डाव्या हाताच्या बोटाने ती दुमड चाचपली.

"हाच का?"

"हव." मग खाली बघत तो म्हणाला, "पाय तुहा बरोबर होता. माहेच डोळे..."

"कोनता?"

"उजवा."

"बापा!" कुंताबाई म्हणाली. "मंग आता दोघं मिळून एक सबंध मानूस झालो. तुमचा डावा डोळा, माहा डावा पाय."

तो हसला, आणि हसता हसता बाहीने नाक पुसले.

दुसऱ्या संचातला कप त्याने ब्रेक ऑइलमध्ये बुडवला, मऊ होऊ दिला. बसवताना तिला शेजारी खुर्चीवर बसवून घेतले. "वाकडा जाते का पाह्य," तो म्हणाला, आणि ती वाकून पाहत राहिली. मग पुन्हा तिला त्या आंघोळीच्या पाटावर बसवले. पुन्हा तो खाली गेला.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

"सोड."

चार चाके झाली तेव्हा सूर्य नदीपलीकडे टेकला होता. "आता धरून ठेव," खालून कवडू म्हणाला. "मी सांगत नाही तोवर."

तिने पाय धरला. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा, वेळ मोजायला दुसरे काही नव्हते म्हणून असेल, रोवण्यातले गाणे तिच्या ओठावर आले. आवाज थोडा एका बाजूला कलत होता.

*पाय मांगं मांगं जाते, पुढं धान उभं राह्यते*
*चिखलाले ठावं बाई, कोन किती भार वाह्यते*

गाडीखाली कवडू डोळे मिटून ऐकत होता. गाणे दोनदा म्हणून झाले. पॅडल होते तिथेच होते.

"सोड," तो म्हणाला, जरा उशिरानेच.

सकाळी दामिनी वडिलांना घेऊन आली. डॉक्टर मफलर गुंडाळून, काठी टेकत, गाडीभोवती एक फेरी मारून आले, कुठेही हात न लावता. मग लेकीच्या शेजारी बसले. चावी फिरली. टकटकटक... टक... टक. पंप थांबला तसे डॉक्टरांनी मान हलवली, जुन्या माणसाच्या बोलण्याला हलवावी तशी.

"काकाजी, ब्रेकचं पक्कं ना?" दामिनीने विचारले.

"मले काय विचारतेस? काकीले विचार. पास तिनं केला."

दामिनी ओसरीकडे वळून हसली. "काकी, यांले फिरवून आणतो, मंग तुमचा नंबर. तुम्ही बसा बाजूले."

"मी त कालच बसली बाई. दोनदा," कुंताबाई म्हणाली. "तू ने बाबाले. वळणावर हळू दाबजो, मारजो नोको."

गाडी अंगणातून निघाली. कवडू फाटकापर्यंत चालत गेला आणि उजव्या डोळ्यावर हात धरून, डाव्याने बघत उभा राहिला. हिरवी पाठ उताराला लागली, लहान होत गेली, बाभळीपाशी पोचली.

मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला.

ओसरीवर खाटेच्या कडेला बसलेल्या कुंताबाईचा डावा पाय सारवलेल्या जमिनीवर टेकला होता, बोटे घट्ट रोवलेली. वळण सरेपर्यंत दिवा जळत राहिला, एकसारखा. मग विझला.

तेव्हा तिने पाय सोडला.