लाळ पिणारा दगड

सकाळचे नऊ वाजायच्या आत नाकोरे गावच्या कोरड्या नदीकाठी तीनशे माणसं रांगेत उभी होती आणि निम्म्यांच्या जिभा आधीच बाहेर आल्या होत्या.

वडीलधाऱ्यांच्या बैठकीच्या बाभळीखाली लोमुलेन उभा होता. त्याच्या हातात बोटभर लांबीचा एक तपकिरी दगड होता. तो दगड ज्याच्या जिभेला टेकवायचा, त्याच्या जिभेला चिकटायचा. हात काढला तरी तसाच लोंबत राहायचा. बायका किंचाळत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती.

"बघा, बघा! दगडाला तहान लागलीय!" लोमुलेन ओरडत होता. "आटलेल्या सरोवराचा जीव आहे यात. खऱ्याची लाळ पितो, खोट्याची टाकून देतो. पाऊस कोणी अडवलाय ते मला नका विचारू, यालाच विचारा!"

आमच्या तुर्काना जमातीतली म्हातारी माणसं आशीर्वाद देतात ते थुंकून. लाळ म्हणजे जिवातला ओलावा. त्यामुळे दगड ज्याची लाळ नाकारेल त्याचा आशीर्वाद नासलेला, हे कोणाला समजवावं लागलं नाही. सलग तीन पावसाळे कोरडे गेले होते. मी लोडवार शहरातल्या रेडिओचा बातमीदार. माझ्याही जिभेला दगड चिकटला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग आरुकुडीची पाळी आली. साठीची विधवा, घरात तीन नातवंडं. पलीकडच्या टेकड्यांत जुनी हाडं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची छावणी होती, तिथे तिने अकरा वर्षं काम केलं. लोमुलेन सोळाव्या वर्षी त्याच छावणीत आला. तिच्याच हातचं जेवला, तिच्याकडूनच काम शिकला. नदीच्या वाळूत खणलेल्या विहिरींपैकी आता फक्त तिच्या विहिरीला पाणी उरलं होतं.

लोमुलेनने कपाळाचा घाम पुसला, दगड पिशवीत टाकला, परत काढला आणि तिच्या जिभेला लावला. दगड पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला.

गर्दी दोन पावलं मागे सरली.

"मावशी, माझं काळीज तुटतंय गं," लोमुलेन म्हणाला. "पण दगडापुढे मी कोण? तुला जावं लागेल. विहिरीची काळजी करू नकोस, ती मी सांभाळीन."

"पाणी नसलेल्या जागी तीन लेकरं घेऊन कुठे जाऊ, तेही दगडालाच विचारलंस का?" आरुकुडी म्हणाली. मग ती एवेसितकडे वळली. गावातला तो सर्वांत म्हातारा, शेवटचा शब्द त्याचा. "बाबा, तुम्ही सांगाल तर उन्हं कलायच्या आत निघते. पण आधी हा दगड फोडा."

"देव कोणी फोडतं का!" लोमुलेनने मूठ आवळली.

"देव असेल तर फुटणार नाही."

एवेसितने हात पुढे केला. "दे."

लोमुलेनने दिलेला दगड त्याने आरुकुडीच्या हाती ठेवला. तिने तो एका खडकावर ठेवला आणि वरून धोंडा घातला. दोन तुकडे झाले. बाहेरून तुकतुकीत, आत मात्र फिकट आणि बारीक बारीक भोकांचा. तिने फुटलेली बाजू जिभेला लावली. घट्ट चिकटली. तिला बोलता येईना, म्हणून तिने नुसतं बोटाने दाखवलं. मग तुकडा ओढून काढला आणि गर्दीतल्या कापुआला पुढे बोलावलं.

"मी?" कापुआ म्हणाला. "मावशी, अख्ख्या गावाला माझी कीर्ती माहीत आहे. सकाळपासून चार थापा मारून झाल्यात."

"म्हणूनच तू हवास."

कापुआच्या जिभेलाही तुकडा चिकटला. पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"हे हाड आहे, पाणघोड्याच्या फासळीचं," आरुकुडी म्हणाली. "दगड होता होता त्यात भोकं राहिलीत. ती लाळ ओढतात, म्हणून चिकटतं. हाड की खडा अशी शंका आली की जीभ लावून बघ, हे मीच शिकवलंय याला. आणि ठिसूळ हाडाला आम्ही पातळ डिंक पाजायचो, तो कुंचला माझ्याच हातात असायचा. डिंकाने भोकं बुजली की काही चिकटत नाही. पिशवी उलटी कर, लोमुलेन."

त्याने केली नाही. कापुआने केली. तसंच दुसरं हाड वाळूत पडलं, पण कोरडं, बिनचकाकीचं.

"मग पाऊस?" एवेसितने विचारलं. त्याचा आवाज खचला होता. "पाऊस कोणामुळे येत नाही?"

आरुकुडीने समोरच्या तुटलेल्या कड्याकडे बोट केलं. "बाबा, तळाच्या थरात पाणघोडे, मगरी, मासे. त्याच्यावर पुरुषभर माती, तिच्यात मासा एक नाही, कोरडं गवत चावणाऱ्या जनावरांचे लांब दात आहेत. त्याच्यावर परत शिंपले. पलीकडे दगड झालेले झाडांचे बुंधे आहेत, तसली झाडं दहा दिवस चाललात तरी आज दिसायची नाहीत. पाणी आलं, गेलं, परत आलं. तेव्हा आपल्या कुळातलं कोणी नव्हतं. मग कोणाची जीभ खोटी होती?"

 लोमुलेन खाली बघत बोलला.

"मावशी, हेच मी वर्षभर सांगत होतो. ऐकायला कोणी उभंसुद्धा राहिलं नाही. दगड चिकटला तेव्हा तीनशे आले."

"आले ना? मग तेव्हा सांगायचं होतंस. तू माझी विहीर मागितलीस."

विहीर तिच्याकडेच राहिली. गर्दी पांगल्यावर जाताना लोमुलेन पाण्यासाठी थांबला, तिने तुंबा भरून दिला. मात्र त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला 'जेवलास का' असं विचारलं नाही.

पाऊस त्यानंतरही पडला नाही. लबाडी उघडी पडली म्हणून ढग येत नाहीत. लोकांनी विहिरीवर पाळ्या लावल्या, कड्यातला शिंपल्यांचा रेताड थर नदीपात्रात कुठे उतरतो ते बघून तिथे नव्याने खणायला घेतलं. सहाव्या दिवशी ओल लागली.

आपल्यापैकी एकाकडे बोट दाखवून कोणी दुष्काळाचं कारण सांगू लागला, तर त्याची पिशवी आधी उलटी करायला लावा. तो परका असेल तर आपण लावतोच. आपला असेल तर लाज वाटते. लोमुलेनचा सगळा भरवसा त्या लाजेवर होता.