मिठागराच्या वाटेवरचा साकव

मित्रांनो, मी एक जुना साकव आहे. साकव म्हणजे नाल्यावरचा लहानसा पूल. पनवेलहून खाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर मी उभा आहे. माझ्यावरून गाडी जात नाही, माणूस जातो. आणि मला मोडायला आलेली माणसे परत जातानाही मी पाहिली आहेत.

माझा जन्म एका अपघातातून झाला. पलीकडच्या मिठागरात गावातली कुटुंबे राबत असत. भरती आली की हा नाला तुडुंब भरे. एकदा तुळशीराम नावाच्या आगरी तरुणाची बहीण मिठाच्या पाटीसकट वाहून जाऊ लागली. लोकांनी तिला काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या मुळ्यांतून ओढून काढले. तुळशीरामने त्यानंतर कोणाची वाट पाहिली नाही. गावाने श्रमदान केले, काळे दगड आणले, चुना मळला आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत मी उभा राहिलो.

तेव्हापासून माझ्यावरून मिठाच्या पाट्या गेल्या, मासळीच्या टोपल्या गेल्या, नवऱ्यामुलींच्या वराती गेल्या. पलीकडच्या उंचवट्यावर बेने इस्राएल लोकांचे कब्रस्तान आहे. पनवेलचे हे मराठी बोलणारे यहुदी लोक आपल्या माणसांना खांद्यावर घेऊन माझ्यावरूनच जात. त्या वेळी मिठागरातल्या बायका पाट्या खाली ठेवून बाजूला उभ्या राहत.

मग मिठागरे बंद पडली. बरेच यहुदी परदेशी गेले. मोठा रस्ता झाला. माझ्या कमानीखाली थर्माकोल आणि बाटल्या साचल्या. कोणी तरी माझ्या कठड्यावर खोल्या भाड्याने देण्याची जाहिरात रंगवली. मित्रांनो, दगडालाही लाज वाटते.

जवळच्या कामोठ्याच्या शिक्षिका रंजिता यांनी मला पुन्हा शोधले. त्या दर रविवारी सकाळी लोकांना पायी फिरायला आणू लागल्या. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ कुरकुरले, “मॅडम, इथे बघण्यासारखं काय आहे?”

“दहा वर्षं इथे राहता, मीठ कुठे पिकायचं ते पाहिलंय का?” रंजिता म्हणाल्या. “चला तर पुढे.”

ते गेले. परतताना त्यांच्या बुटांना चिखल होता आणि मोबाइलमध्ये पाणपक्ष्यांचे फोटो. पुढच्या रविवारी ते बायकोलाही घेऊन आले.

एवढ्यात शेजारी इमारतींचे काम सुरू झाले. बिल्डरच्या लोकांना नाला बुजवून कुंपण घालायचे होते. एका रविवारी रंजिता आल्या, तर माझ्या तोंडाशी पत्रे ठोकलेले आणि यंत्राच्या दणक्याने माझा एक कठडा नाल्यात पडलेला. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मनासे नावाचे वृद्ध गृहस्थ होते. ते तरुणपणी पनवेल सोडून इस्राएलला गेले होते. पलीकडे त्यांच्या आईची कबर होती.

“वाट बंद आहे,” साइटवरचा सुपरवायझर कमलाकर म्हणाला. “जुना पूल आहे, कोणी पडलं तर आमच्या गळ्यात.”

आवाज ऐकून भामा आली. भामा म्हणजे तुळशीरामची मुलगी, आता केस पांढरे झालेली. तिने पत्र्याच्या फटीतून अंग काढले आणि येऊन माझ्यावर मधोमध मांडी घालून बसली.

“आजी, उठा,” कमलाकर म्हणाला. “पुढून डांबरी रस्ता होतोय तुमच्यासाठी.”

“तो रस्ता तुमच्या गेटापरेंत जातो,” भामा म्हणाली. “माज्या आत्याला या नाल्यानं ओढली, म्हनून बापानं हा बांधला. तुमी काय बांधलाव इथं? मी हलायची नाय.”

मनासेही त्याच फटीतून काठी टेकत पुढे आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. “माझ्या आईला मी याच पुलावरून नेलं,” ते शांतपणे म्हणाले. “आज तिला भेटायला आलोय. मला पलीकडे जायचंय.”

रंजिताही पुढे आल्या. मग ते कुरकुरणारे गृहस्थ आणि त्यांची बायको आली. लोकांनी पत्रे बाजूला सारले आणि बघता बघता मी माणसांनी भरून गेलो. इतकी माणसे पूर्वी सणालाच असत. मी जुना होतो, तडा गेलेला होतो. पण त्या दिवशी एकही दगड मी ढळू दिला नाही.

कमलाकर बराच वेळ फोनवर बोलला. शेवटी त्याने यंत्र माघारी पाठवले.

मनासेंनी माझ्या पडलेल्या कठड्यातला एक लहान दगड उचलला आणि पलीकडे जाऊन आईच्या कबरीवर ठेवला. त्यांच्यात कबरीवर फूल नाही, दगड ठेवतात. परतताना भामाने विचारले, “झाली का भेट, भाऊ?” “झाली,” ते म्हणाले.

मित्रांनो, प्रकरण मिटलेले नाही. मोजणीवाले येऊन गेले, पुन्हा येतील. पत्रे बाजूला पडले आहेत, उद्या कोणी परत ठोकेल. ठोकू दे. माझी कीव करू नका, माझ्याभोवती शोभेची रोपेही लावू नका. कमानीखालचा कचरा काढा, माझा कठडा पुन्हा रचा आणि चालत या. ज्या वाटेवर माणसे रोज चालतात, ती बंद करायला फार मोठी छाती लागते. मी इथेच आहे.