कोर्ट उठेपर्यंत

"'नाही'वर खूण करा आणि पान उलटा," हेमंत सर म्हणाले.

त्रिवेणीने पेन उचललं नाही. मांडीवरच्या प्राजक्ताने मात्र उचललं आणि सरळ तोंडात घातलं.

"सर, इथं विचारलंय, तुम्हाला कोर्टात कधी शिक्षा झाली आहे का. मला झालीय."

"हे मला तुम्ही सांगितलंत. त्यांना कोण सांगणार आहे?" व्हिसाची कामं करणारे हेमंत सर मूळचे पुण्याचे. हिमायतनगरच्या त्यांच्या ऑफिसात भिंतीभर परदेशांतल्या पुलांची आणि समुद्रांची चित्रं लावलेली होती. त्यांच्याखाली बसून ते गेल्या तीन-चार वर्षांत अर्ध्या हैदराबादला बाहेर पाठवत होते. "आठ वर्षांपूर्वीची मोपेडची केस. पोलिसांचा दाखला लागेल, तो मी स्वच्छ आणून देतो. नवरा ऑस्ट्रेलियात पर्मनंट झालाय, लग्न रजिस्टर आहे, मूल आहे. अशी फाइल डोळे मिटून पास होते, मॅडम. आणि 'होय' लिहिलंत, तर खालच्या रकान्यात शिक्षा लिहावी लागेल. काय लिहाल? कैद?"

"कैदच होती ती."

"बसा मग मुलीला घेऊन अंबरपेठेत."

शेजारच्या खुर्चीवर त्रिवेणीचे वडील मुकुंदराव बसले होते. ते पुढे सरकले. "करून टाक बाई. सर म्हणतात तसं कर अन् मोकळी हो."

त्रिवेणी हसली. "अप्पा, त्या दिवशीपण तुम्ही हेच म्हणाला होतात."

त्या दिवशी म्हणजे १९९० साली. त्रिवेणी तेव्हा जामबागच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. अप्पांची मोपेड तिने त्यांना न विचारता काढली होती. लायसन नव्हतं, घाई मात्र भरपूर होती. अंबरपेठेच्या बाजारात एका बैलगाडीला ओलांडायला गेली, आणि खांद्यावर पिशवी घेऊन "स्टूऽऽव रिपेऽऽर" ओरडत चाललेल्या दस्तगीर चाचांच्या पायावर गाडीसकट पडली. तिला खरचटलंसुद्धा नाही. चाचांचं गुडघ्याखालचं हाड मोडलं.

चाचांनी कसली तक्रार केली नाही. पण दवाखान्यातून पोलिसांकडे कागद गेला आणि केस झाली. वकील म्हणाले, लढू, चार-पाच वर्षं चालेल, सुटेल पोरगी. मुकुंदरावांनी वेगळा हिशेब केला. चार-पाच वर्षं तरण्याताठ्या मुलीने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? नांदेड, बीदरकडच्या पाहुण्यांना कळल्याशिवाय राहील? कोण करील लग्न? त्यांच्या ओळखीत सगळे असंच करत. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, संध्याकाळी जेवायला घरी. लेकीचं लग्न अडू नये, एवढ्यासाठी त्यांनी तिला कबूल करायला लावलं. कबुली हीही कायमची नोंद असते, आणि एक दिवस त्याच लेकीचं लग्न त्या नोंदीपाशी येऊन थांबेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

शिक्षा झाली ती दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे न्यायाधीश संध्याकाळी खुर्चीतून उठून जाईपर्यंत तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचं. ना तुरुंग, ना बेडी. बसायचं, एवढंच.

अप्पा लाजेने बाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहिले. त्रिवेणी एकटी बसली. थोड्या वेळाने बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुबडी टेकल्याचा आवाज झाला. साक्षीला बोलावलेले दस्तगीर चाचा.

"चाचा, आप जाव ना घरकू. आपका काम तो हो गया."

"घरकू जाको क्या करूं? पाँव तो तू तोड दी," चाचा कुजबुजले. मग तिचे डोळे भरून आलेले पाहून म्हणाले, "पगली, मजाक करा मैं. अकेली बच्ची कायकू बैठना?"

ते दिवसभर बसले. दुपारी त्यांनी रुमालात बांधून आणलेली खारी बिस्किटं दोघांच्या मध्ये ठेवली. न्यायाधीश उठले तेव्हा सगळं कोर्ट उभं राहिलं, आणि चाचाही कुबडी रोवून उभे राहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चल बेटी, हो गया."

गल्लोगल्ली फिरणं चाचांना पुन्हा जमलं नाही. मुकुंदरावांचं अंबरपेठेत शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर, डाव्या हाताला, त्यांनी चाचांना जागा दिली. उजव्या हाताला पुढे एसटीडीचं बूथ आलं आणि ते चालवायला त्रिवेणी बसली. लग्नाआधी बसायची, आणि नवरा तेजस मेलबर्नला गेल्यापासून पुन्हा बसत होती. मधल्या काळात गॅस सहज मिळायला लागला. स्टोव्ह घेऊन येणारे कमी होत गेले. चाचांच्या पुढ्यातली स्टोव्हची पितळी टाकी दिवसेंदिवस तीच असायची, फक्त जास्त जास्त चकचकीत.

अर्ज न भरताच दोघं घरी आली. रात्री नल्लकुंट्याच्या घरी कुणी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूथवर तेजसचा फोन आला.

"अगं, हेमंत सरांचा मेल आला मला. काय चाललंय तुझं?"

"तुला लग्नाआधीच सांगितलं होतं मी."

"मला सांगितलंस ते ठीक आहे. मी हसलो होतो. हे लोक हसणारे नाहीत, त्रिवेणी. इथे चारित्र्याची अट असते. एक 'होय' आणि फाइल वर्षभर पडून. कदाचित नकारच." मग त्याने विचारलं, "प्राजू चालायला लागली ना?"

"धावते आता."

"बघ. मी तिला पाळण्यात सोडून आलोय."

काचेच्या पलीकडे प्राजक्ता चाचांचा मोडका पाय धरून उभी होती. तो पाय तिला फार आवडायचा. वाकत नसे, म्हणून धरायला बरा. चाचा तिला सांगत होते, "छोड गे, तेरी अम्मा तोडी, अब तू उखाडती क्या?"

"तेजस," त्रिवेणी म्हणाली, "हा पाय माझ्यासमोर रोज ओट्यावर बसलेला असतो. मी 'नाही' लिहिलं, तर तो कुणी मोडला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बरं," तो म्हणाला. "नकार आला तर मी परत येतो. मोटारी भरायला शिकवतील का अप्पा?"

"तुला? तू घरातला फ्यूज घालायला माणूस बोलावतोस."

तिने फॉर्म स्वतः भरला. 'होय'वर खूण केली आणि शिक्षेच्या रकान्यात, आहे ते इंग्रजीत लिहिलं. निकालाची नक्कल आणि पोलिसांचा दाखला जोडला. दाखल्यावर केसची ओळ होती. सगळं ऑस्ट्रेलियाच्या दिल्लीतल्या कचेरीला पाठवलं. मुकुंदराव पोस्टापर्यंत बरोबर आले. परतताना रस्त्यात थांबून म्हणाले, "मी तुला त्या दिवशी लढू द्यायला पाह्यजे होतं, बाई."

"लढून काय केलं असतं, अप्पा? माझीच होती ना चूक. वकिलानं फक्त ती गोल गोल फिरवली असती."

मग बरेच महिने काही आलं नाही. हेमंत सर एकदा बूथवरून जाताना मान हलवून गेले. आणि ऐन सणाच्या आधी, बूथबाहेर रांग लागलेली असताना, घंटा वाजली. दिल्लीहून एक बाई इंग्रजीत बोलत होती. काही प्रश्न विचारायचे आहेत. आत्ता वेळ आहे का?

त्रिवेणीने काचेतून रांगेकडे पाहिलं. सात माणसं आणि एक कोंबडी.

"आहे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

लग्न कसं जमलं, तेजस चहा घेतो की कॉफी, मुलीचा जन्म कुठला. सगळं सोपं होतं. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुम्ही इथे कैद लिहिली आहे. 'कोर्ट उठेपर्यंत'. याचा अर्थ मला समजला नाही. तुम्ही तुरुंगात किती काळ होता?"

"तुरुंगात नव्हते, मॅडम. कोर्टात बाकावर होते. न्यायाधीश उठेपर्यंत."

"तुम्हाला बांधून ठेवलं होतं?"

"नाही."

"दाराला कुलूप होतं?"

"दार उघडंच होतं. पंखा बंद पडला होता, म्हणून."

"मग तुम्ही निघून का गेला नाहीत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही नाही.

"न्यायाधीश उठले नव्हते ना," ती म्हणाली.

बाहेर काचेवर टकटक झाली. रांगेतला पहिला माणूस घड्याळ दाखवत होता. "एंतसेपम्मा? किती वेळ अजून?" चाचांनी आपलं स्टूल ओढत बूथच्या दारासमोर आणलं आणि त्यावर ठाण मांडून बसले. "आगु भई, आगु. बच्ची का इमतिहान चलरा." प्राजक्ता त्यांच्या मांडीवर चढली.

"ज्यांना दुखापत झाली," पलीकडून प्रश्न आला, "त्यांच्याशी तुमचा काही संबंध आहे?"

"ते बाहेर बसलेत. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर आहे."

पलीकडे पुन्हा कागद चाळले गेले. "त्यांनी तुम्हाला माफ केलं आहे का?"

हेही त्रिवेणीने कधी विचारलं नव्हतं. तिने दार बोटभर सरकवलं. "चाचा, दिल्ली की मेमसाब पूछरीं, आप मेरेकू माफ करे क्या?"

रांग एकदम चूप झाली. कोंबडीसुद्धा.

चाचांनी मान वळवली. "क्या?"

"माफ करे क्या, पूछरीं."

"इत्ते साल से इसके हात की चाय पी रौं मैं, अब पूछती माफ करे क्या!" चाचा रांगेकडे बघून म्हणाले. रांग हसली. "बोल दे उनकू, पाँव का माफ. चाय में शक्कर कम डालती, उसका माफ नै."

त्रिवेणीने दार ओढलं आणि सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, साखरेसकट. त्या बाईंनी हसल्यासारखं काही केलं नाही. टाइप केल्याचा आवाज मात्र येत राहिला, बराच वेळ. मग 'साखर' हाच शब्द होता ना, हे त्यांनी पुन्हा विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

व्हिसा आला तेव्हा मुकुंदरावांनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि मागच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं. हेमंत सरांनी फोन केला. "लकी आहात मॅडम. तुमची केस आता मी इतरांना सांगणार." त्रिवेणी म्हणाली, "सांगा. पण पूर्ण सांगा."

निघायच्या दिवशी विमान दुपारचं होतं. बेगमपेठेला जाताना तिने ऑटो अंबरपेठेतून घ्यायला लावली. दुकान उघडलेलंच होतं. अप्पा पुढे विमानतळावर गेले होते आणि बूथमध्ये त्यांचा कारागीर प्रकाश अवघडून बसला होता. त्याला बिलाचं यंत्र अजून जमत नव्हतं. त्रिवेणीने ऑटो थांबवून त्याला पुन्हा एकदा बटणं दाखवली. मग आत जाऊन स्टोव्ह पेटवला. चाचांनीच दुरुस्त केलेला, दुकानातला शेवटचा. चहा केला, मोठे चमचे भरभरून साखर घातली आणि चाचांच्या हातात कप दिला.

चाचांनी एक घोट घेतला, आणि कप थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"आज बराबर है," ते म्हणाले.

प्राजक्ताने वाकून त्यांचा पाय एकदा घट्ट धरला. नेहमीसारखाच. तिला सोडवावं लागलं.

"चाचा, मैं खत लिखूंगी."

"पढेगा कौन? तेरा बाप पढको सुनाएगा, उसमें आधा खुद का मिलाएगा." त्यांनी कप खाली ठेवला. "जा. जहाज रुकता नै किसी के लिए."

ती ऑटोत बसली, लेकीला मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने दांडा ओढला. तेव्हा चाचांनी दोन्ही हात चांगल्या गुडघ्यावर रोवले आणि स्टुलावरून उठायला लागले. त्यांना उठायला वेळ लागायचा. एरवी गिऱ्हाइकासाठीही ते उठत नसत, बसूनच हात पुढे करत.

"बैठो ना, चाचा! बैठो!"

त्यांनी ऐकलं नाही. दुकानाच्या खांबाला धरून ते सरळ उभे राहिले. टोपी नीट केली.

ऑटो हलली. त्रिवेणी मागच्या फटीतून बघत राहिली. स्टूल रिकामं, शेजारी पितळी टाकी उन्हात चमकणारी, आणि चाचा उभे. नल्लकुंट्याच्या वळणावर रस्ता मिटला, तोवर ते उभेच होते.