बाईंनाच दिसणारा दिवा

घरगाडीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा बाईंना आतापर्यंत एकवीस वेळा दिसला होता, आणि बाई सोडून जगात कोणालाही एकदाही नाही. तो लागायचा, दोन क्षण राहायचा आणि विझायचा. कधी चढावर, कधी सपाट रस्त्यावर, कधी आठवडाभर त्याचा पत्ताच नसायचा.

बरं, बाई म्हणजे उगीच घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत. तीस वर्षं त्यांनी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. 'बाई' हे नाव तिथेच चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही, शेजारीपाजारीही तेच म्हणतात. दिव्याच्या एकवीसच्या एकवीस नोंदी त्यांच्या वहीत होत्या: तारीख, वेळ, रस्ता, वेग, हवा कोरडी की दमट, पाण्याची टाकी किती भरलेली. पहिल्या गॅरेजवाल्याने वहीचं तोंडभरून कौतुक केलं आणि ती न उघडताच परत दिली. त्याने ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलं. दुसऱ्याने चांगले ब्रेक पॅड काढून आणखी चांगले बसवले. तिसऱ्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला, गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "बाई, *गाडीत* काही नाही." 'गाडीत' या शब्दावर त्याने असा काही जोर दिला की बाईंनी वही पिशवीत कोंबली आणि त्या तडक बाहेर पडल्या.

मुलानेही तीनदा गाडी चालवून पाहिली होती. दिवा लागला नाही. मुलगा वाईट नव्हता, फक्त आईच्या काळजीने त्याची झोप उडाली होती आणि काळजीतला माणूस भराभर निकाल देऊन मोकळा होतो. दिवा खरा असेल तर ब्रेक गेले म्हणून गाडी विकायची, दिवा खोटा असेल तर आईला भास होतात म्हणून विकायची. दोन्हीकडून गाडी जाणारच होती.

"शनिवारी एक जोडपं गाडी बघायला येतंय," तो म्हणाला होता. "त्याआधी एक शेवटचं गॅरेज. तिथेही काही सापडलं नाही, तर किल्ली माझ्याकडे. कबूल?"

बाईंनी कबूल म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. घरगाडी म्हणजे त्यांच्यासाठी नुसती गाडी नव्हती. मागे पलंग, मध्ये वीतभर ओटा आणि पुढे दोन सीटा, एवढ्या जागेत त्यांनी आणि नवऱ्याने निवृत्तीनंतरची चार वर्षं आनंदात काढली होती. तो चालवायचा, बाई नकाशा बघायच्या आणि चहा करायच्या. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता बाई गाडी विकणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी बाईंनी ती अवाढव्य गाडी चालवायला शिकून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. आता मनात आलं की त्या बहिणीकडे जायच्या, तळ्याकाठी दोन दिवस राहायच्या, परत यायच्या. गाडी गेली की मुलाच्या घरातली मागची खोली. मग कुठे जायचं आणि कधी यायचं हे दुसरे ठरवणार.

चौथ्या गॅरेजच्या मेकॅनिकला सगळे 'सावकाश' म्हणत. त्याच्या तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. सहा फुटांहून उंच, हातपाय लांबच लांब, आणि बोलणं असं की वाक्य संपेपर्यंत समोरच्याचा चहा निवावा. पण त्याने एक गोष्ट केली जी आधीच्या तिघांनी केली नव्हती. तो स्टुलावर बसला आणि त्याने वही पहिल्या पानापासून वाचली. मुलगा दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

"हा दिवा दोन कारणांनी लागतो," वही मिटत सावकाश म्हणाला. "ब्रेक ऑइल कमी झालं तर, नाहीतर हँडब्रेक ओढलेला असेल तर. ऑइल बरोबर आहे. हँडब्रेक ओढून तुम्ही चालवणार नाही. म्हणजे आपल्याला तो लागलेला बघायला हवा. चला."

त्याने चालवली. मुलगा शेजारी, बाई मागे पलंगावर. गल्लीबोळ झाले, चढ झाला, गतिरोधक झाले, पाऊण तास झाला. दिवा लागला नाही. परत येताना मुलाने मागे वळून आईकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता, दया होती, आणि तीच बाईंना झोंबली.

गॅरेजच्या आवारात गाडी थांबली. सावकाशने कान खाजवला. "आता बाई, तुम्ही चालवा."

"कशाला?" मुलगा म्हणाला. "तिला उगीच त्रास."

"दिवा त्यांना दिसतो ना? मग त्यांनीच दाखवायला हवा."

बाई सीटवर चढल्या, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. सावकाश शेजारी बसला, मुलगा मागे गेला. पहिल्या वळणापर्यंत काही नाही. दुसऱ्या गतिरोधकावर गाडी धपकन उतरली आणि दिवा लागला. लालभडक.

"लागला!" सावकाश म्हणाला. मुलाने मागून मान पुढे काढली तेव्हा दिवा विझलाही होता. पण सावकाशने पाहिला होता. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"बाजूला घ्या. काही हलवू नका. मी बसून बघतो."

बाई उतरल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. सावकाश चढला. चढता चढता त्याचा उजवा हात आपसूक सीटखालच्या दांड्याकडे गेला, सीट मागे सरकवायला. इतके लांब पाय, दुसरं करणार काय? तो हात पाहताच बाईंच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. पहिल्या गॅरेजवाल्याने हेच केलं होतं. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही. मुलगा तर सीट मागे केल्याशिवाय आतच बसू शकत नाही.

"थांबा!" बाई अशा काही ओरडल्या की शाळेतल्या वर्गाला धडकी भरावी. "सीट मागे करायची नाही. तसेच बसा."

सावकाशने हात मागे घेतला. बाईंकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. मग त्याने स्वतःची घडी घातली. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, मान छताला. बाई मागच्या दाराने आत येऊन बसल्या. त्या अवतारात त्याने गाडी पन्नास पावलं नेली, आणि एका बारक्या खड्ड्यात दिवा लागला. या वेळी तो मुलानेही पाहिला.

गॅरेजमध्ये परत येऊन सीट काढल्यावर पाच मिनिटांत सगळं उघड झालं. हँडब्रेककडे जाणारी वायर सीटच्या रुळाखालून गेली होती. सीट पुढे घेतली की रुळाची कड वायरवर बसायची. तिथलं आवरण घासून गेलं होतं. धक्का बसला की उघडी तार पत्र्याला टेकायची, आणि दिव्याला वाटायचं, हँडब्रेक ओढला.

"ब्रेक ठणठणीत आहेत," सावकाश म्हणाला. "पण बाई, एवढं सगळं लिहिलंत, सीटचं नाही लिहिलं."

बाईंनी वही उघडली. पहिली नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती. त्या सकाळी काय झालं होतं ते त्यांना लिहायची गरज नव्हती. नवरा गेल्यावर दीड वर्ष त्यांनी सीट हलवलीच नव्हती. त्याच्या उंचीला लावलेली ती सीट तशीच ठेवून, पाठीमागे जाड उशी घेऊन, पाय ताणून ताणून त्या गाडी चालवत होत्या. पोटऱ्या दुखायच्या. त्या सकाळी त्यांनी उशी कपाटात टाकली, दांडा उचलला आणि सीट पहिल्यांदाच आपल्या मापाला आणली. मग रडत रडतच त्या तळ्याकाठी गेल्या होत्या. वाटेत दिवा लागला, तेव्हा त्यांना वाटलं, डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसलं असेल.

"मग सोपं आहे," मुलगा म्हणाला. आवाजात सुटका होती. "सीट होती तिथे मागे घ्या. बाबांच्या जागेवर असताना कधी त्रास नव्हता. आणि आई, उशी आहेच की."

सावकाशने बाईंकडे पाहिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष मी त्याच्या जागेवर बसले. आता माझ्या जागेवर बसते. सीट इथेच राहील. वायर हलवा."

"हलवतो," सावकाश म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पटकन उठला.

तासाभराने नवी वायर रुळापासून लांब, पत्र्याच्या कडेने बांधून झाली. मुलगा कोपऱ्यात जाऊन फोनवर कोणाला तरी शनिवारी येऊ नका म्हणून सांगत होता, दोनदा माफीही मागत होता. फोन ठेवून तो गाडी आवाराबाहेर काढायला म्हणून पुढे आला, दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि सवयीने त्याचा हात सीटखाली गेला. बाई बघत होत्या.

त्याने हात काढून घेतला. खाली उतरला आणि किल्ली आईच्या हातात दिली.

"तूच काढ," तो म्हणाला, आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला.