दादाची वाट

डोंगर खाली आला तेव्हा आमच्या दादाला मनातून बरंच वाटलं, हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते. लोकांनी कपाळावर हात मारले. महामार्ग गेला, बस बंद, दूध अडकलं. दादा मात्र भांग पाडून मशीनवर चढला. त्याची बायको आदल्याच दिवशी पलीकडच्या गावी माहेरी गेली होती आणि आता तिला आणायला जाणं कुणाच्या बापालाही शक्य नव्हतं.

गेली होती म्हणजे भांडून. जेवताना दादा तिला म्हणाला होता, "तुझ्यावाचून या घराचं काही अडत नाही." वहिनीने ताट विसळून ठेवलं, बॅग भरली आणि जाताना मला सांगितलं, "तुझ्या भावाला घ्यायला यायचं असेल तर येईल. नाही आला तर मी समजेन काय समजायचं ते." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मला भीती वाटली. आरडाओरडा करून गेलेली वहिनी संध्याकाळी परत येते.

दरड उपसायचं मशीन दादा चालवतो आणि मी खाली झेंडी घेऊन उभी असते. गाड्या थांबवायच्या आणि डोळा डोंगरावर ठेवायचा. वर दगड हलला की शिट्टी मारायची, मशीन मागे येतं. काम सोपं आहे, फक्त मान दुखते.

सुरुवातीला दादाने झपाटा लावला. डंपरमागून डंपर भरले. पण पलीकडची बाजू दिसायला लागली तसा त्याचा हात जड झाला. बकेट अर्धीच भरायची. डंपर कधी नीट लागायचा नाही. "वरचा दगड बघ गं जरा," असं घटकेघटकेला. तो दगड आमच्या जन्माआधीपासून तिथेच आहे.

"चमच्याने उकरतोयस का रे?" इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

"घाई नको साहेब. डोंगराचा भरवसा नाही."

"डोंगराचा नाही, वहिनीचा म्हण," मी म्हणाले. दादाने काच वर केली.

घरी आई रोज विचारायची, सून कधी येणार. दादाचं उत्तर ठरलेलं, "रस्ता बंद आहे." तशी डोंगरावरून पायवाट आहे. शेळ्या जातात, आमचे मास्तर दुखऱ्या गुडघ्यानिशी जातात. पण दादाच्या लेखी ती वाट नव्हतीच.

वहिनीच्या लेखी होती. एका दुपारी डोंगर बघता बघता ती मला वर झुडपाशी दिसली. छत्री उघडून बसली होती, खाली मशीनकडे बघत. मी हात हलवला, तिनेही हलवला आणि ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग जेवणाच्या सुट्टीत मी धापा टाकत वर गेले.

"वहिनी, खाली चल ना."

"नको." ती खालीच बघत होती. "मला मशीनचं काही कळत नाही गं. पण आधी किती भराभर येत होता. आता माझं गाव जवळ आलं, तर हात चालेना. त्याला रस्ता व्हायलाच नकोय."

मी हसणार होते, पण तिचे डोळे भरले होते. "उद्यापासून मी नाही यायची," ती म्हणाली.

मग चेष्टा तिथेच ठेवली. खाली येऊन सरळ मशीनच्या पायरीवर चढले आणि दादाला सगळं सांगितलं. तो डबा उघडून बसला होता. हातातला घास त्याने परत डब्यात ठेवला.

"अगं, मला भीती वाटते," तो म्हणाला. "घ्यायला गेलो आणि नाही म्हणाली तर?"

"नुसती वाट बघत बसलास तर वाट लागेल तुझी. आधी वाट काढ."

त्या दुपारी मशीन असं काही चाललं, की साहेबच ओरडायला लागले, सावकाश, डोंगर अंगावर घेशील. मला खरोखर त्या दगडावर डोळा ठेवावा लागला. उन्हं उतरली तेव्हा कमरेएवढा ढिगारा उरला होता. पलीकडे माणसं गोळा झाली होती आणि त्यांत वहिनी होती, रिकाम्या हातांनी.

ढिगारा ढकलायचा तर आधी लोक हटवायला हवे होते. दादाने मशीन बंद केलं, उडी मारली आणि गुडघाभर चिखल तुडवत पलीकडे गेला. मीही मागोमाग गेले, कारण मला राहवेना.

"मागे सरका सगळे," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "तू नको."

वहिनी जागची हलली नाही. "बॅग घरी आहे माझी," ती म्हणाली. दादाचं तोंड पडलं. "रस्ता झाला ना आता? मग दारात ये. माझ्या आई-बाबांसमोर विचार मला."

"असाच येऊ?" दादाने चिखलाने भरलेली पँट दाखवली.

"असाच ये."

आणि तो गेला. वहिनी पुढे, हा मागे. मशीन रस्त्याच्या मधोमध आणि किल्ली याच्या खिशात. डोंगर हटला होता आणि आता माझ्या भावापायी अख्खा महामार्ग खोळंबला.

"अहो, बोलवा त्याला," साहेब म्हणाले. "शिट्टी मारा."

"शिट्टी दगडासाठी असते, साहेब."

दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. मी लाल झेंडी वर धरली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत राहिले.